उरलेली परदेशी चिल्लर: खरंच कुठे कॅश होते का?

सुटकेसवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण धड उत्तर कुठे मिळेना म्हणून इथे टाकतेय. घरात पत्र्याचा एक डबा आहे, त्यात कित्येक वर्षांची बाहेरच्या देशांतली चिल्लर साठलीय, माझी, नवऱ्याची आणि सासऱ्यांच्या नोकरीच्या काळातली पण. युरो, पाउंड, येन, अमेरिकन क्वार्टर (पाव डॉलर), थोडे स्विस फ्रँक, थोडे थाई बाट, आणि तळाशी जर्मन मार्क, फ्रेंच फ्रँक वगैरे जे आता चालतच नसणार. नोटा होत्या त्या मनी चेंजरने दोन मिनिटांत बदलून दिल्या, पण नाणी पुढे केली तर काउंटरवरच्या मुलाने हातसुद्धा लावला नाही, 'मॅडम कॉइन्स नाही घेत' एवढंच, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बँकेतही तेच. मला हे पटतच नाही, २ युरो म्हणजे २ युरोच ना, कागदावर छापले काय नि धातूवर काय? आणि रक्कम अगदीच किरकोळ नाहीये हो, नुसती १ आणि २ युरोची नाणीच चांगली ओंजळभर आहेत.

तर ह्याचे पैसे करायचा काही खरा मार्ग आहे का? आठवण म्हणून ठेवा, काचेच्या बरणीत सजवा हे सल्ले प्लीज नकोत, ते घरातून मिळून झालेत :)

काउंटरपलीकडचा

ताई, मी बरीच वर्षं फॉरेक्सच्या, म्हणजे परदेशी पैसे बदलायच्या, काउंटरला होतो, आता सोडलं ते काम, म्हणून आतली बाजू सांगतो. त्या मुलावर रागावू नका, त्याच्या हातात काहीच नसतं.

तुम्ही दिलेली नोट ड्रॉवरमध्ये जाते, दुसऱ्या दिवशी तिकडे निघालेला कुणीतरी येतो, तीच नोट त्याला विकली जाते, दोन्ही वेळच्या रेटमधला फरक म्हणजे आमची कमाई. नोटा फार साठल्या तर गठ्ठे बांधून होलसेलवाल्याकडे, तिथून विमानाने परत त्या देशात. नाण्याचं ह्यातलं काहीच होत नाही. जाणारा माणूस नाणी मागत नाही, त्याला नोटा हव्या असतात किंवा कार्ड. होलसेलवाला घेत नाही. मग ती नाणी ड्रॉवरमध्ये पडून राहणार, रोज संध्याकाळी मोजायची, रजिस्टरला लिहायची, आणि रेट पडला तर नुकसान आमचं.

आणि वजन! ह्याचा कुणी विचारच करत नाही. १०० डॉलरची नोट साधारण १ ग्रॅमची, म्हणजे १ किलो नोटा पाठवल्या तर १ लाख डॉलर गेले. तेच १ किलो क्वार्टर पाठवा, ४४ डॉलर. विमानाचं भाडं, इन्शुरन्स, तिकडे पोचल्यावर मोजणी, खोटी नाणी वेगळी काढणं, सगळं त्या ४४ मधून. कोण करणार?

पण सगळी नाणी सारखी नसतात, इथे तुमचा फायदा आहे. २ युरोचं नाणं साडेआठ ग्रॅमचं, किलोला २३५ युरोच्या आसपास होतात. १ सेंटची नाणी घेतली तर किलोला जेमतेम ४.३५ युरो, हमाली पण सुटत नाही. ५०० येनचं नाणं ७ ग्रॅमचं, किलोला जवळपास ७० हजार येन, आणि स्विस ५ फ्रँक तर किलोला पावणेचारशे फ्रँक. म्हणून जे थोडे लोक नाणी घेतात ते फक्त मोठी नाणी घेतात, आणि रेटही नोटेपेक्षा बराच खालचा देतात. आधी डबा ओता, देश आणि किंमत बघून ढीग लावा, त्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

रिकामटेकडा_राजा

पोरांना द्या खेळायला. विषय संपला.

सुटकेसवाली

@रिकामटेकडा_राजा पोरं कॉलेजात आहेत, ती खेळणार नाहीत, ऑनलाइन विकून मोकळी होतील आणि मला पत्ता लागणार नाही.

@काउंटरपलीकडचा दादा, हे कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं, थँक्यू. शनिवारी बसते ढीग लावायला.

गेट_नंबर_बदलला

कामानिमित्त माझं सतत येणं-जाणं असतं, माझं सरळ मत असं की नाणी बदलायची गोष्टच नाही, ती खर्च करायची गोष्ट आहे आणि तीसुद्धा तिथून निघायच्या आधी. एकदा विमानात बसलात की तुमच्या खिशातली चिल्लर म्हणजे नुसता धातू.

लोक शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर नाण्यांत बसेल अशी वस्तू शोधत फिरतात आणि नको ते चॉकलेट घेऊन येतात, त्याची काही गरज नाही. बहुतेक दुकानांत अर्धे पैसे नाण्यांत आणि उरलेले कार्डने देता येतात, फक्त आधी सांगायचं की एवढे कॅश देतो, बाकीचे कार्डवर घ्या. सुपरमार्केटमधली स्वतः बिल करायची मशीन ह्याला बेस्ट, म्हणजे ज्या मशीनला नाण्यांची खाच असते ती, त्यात मूठभर नाणी एकेक करून सोडायची, स्क्रीनवर आकडा कमी होत जातो, उरलेल्याला कार्ड लावायचं, कुणी तोंड वाकडं करत नाही (मागे रांग नसेल तर :D). हॉटेलचं बिल भरताना पण विचारून बघा, गोड बोललं की घेतात. मेट्रोच्या तिकिटाच्या मशीनमध्ये पण जातात.

एकदम पिशवी ओतू नका मात्र. युरोच्या नियमातच आहे की एका पेमेंटला ५० पेक्षा जास्त नाणी घ्यायचं बंधन समोरच्यावर नाही, आणि जपानमध्ये एकाच किमतीची २० पेक्षा जास्त दिली तर दुकानदार नाही म्हणू शकतो.

आता तुमच्याकडे आधीच साठलेल्यांचं काय, तर युरो हा सगळ्यात सोपा प्रकार. नाण्याच्या मागे कुठल्या का देशाचं चित्र असेना, युरो चालणाऱ्या सगळ्या देशांत ते चालतं, ग्रीसचं नाणं आयर्लंडमध्ये चालतं. म्हणजे तुमच्या ओळखीतलं कुणीही ह्यातल्या कुठल्याही देशात निघालं असेल तर त्याला १ आणि २ युरोवाली सगळी देऊन टाका आणि त्याच्याकडून इथेच पैसे घ्या, त्या दिवशीच्या पूर्ण रेटने, कमिशन नाही काही नाही. समोरच्यालाही उतरल्या उतरल्या ट्रॉलीला, लॉकरला, टॉयलेटला सुटे लागतातच. ह्याच्याइतका चांगला रेट तुम्हाला जगात कुठलाच मनी चेंजर देणार नाही.

१ आणि २ सेंटवाली मात्र त्याच्या गळ्यात मारू नका. फिनलंडमध्ये तर ती सुरुवातीपासूनच वापरात नाहीत, नेदरलँड्स, आयर्लंड, बेल्जियममध्ये बिल ५ सेंटला राउंड करतात, कायद्याने चालत असली तरी लोक वैतागतात.

नाणेवेडा

ढीग लावताना एक युक्ती, फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि युरोच्या ढिगात फिरवा. १, २ आणि ५ सेंट पटकन चिकटून वर येतात, ती आतून पोलादाची, वर नुसता तांब्याचा मुलामा. १०, २० आणि ५० सेंट अजिबात चिकटत नाहीत. १ आणि २ युरोचा मधला भाग किंचित ओढला जातो. पाच मिनिटांत बारीकसारीक माल बाजूला.

आता जुन्या नाण्यांबद्दल, कारण सगळे म्हणतात बाद झाली म्हणजे संपली, तसं नसतं. प्रत्येक देशाने वेगळा हिशोब ठेवलाय.

जर्मन मार्क असतील तर नशीब चांगलं तुमचं, बुंडेसबँक (जर्मनीची मध्यवर्ती बँक) मार्कच्या नोटा आणि नाणी दोन्ही अजून बदलून देते, मुदत नाही, फी नाही, १.९५५८३ मार्कला १ युरो हा ठरलेला रेट. त्यांच्या शाखेत नेऊन द्या किंवा पोस्टाने पाठवा. ऑस्ट्रियाचे शिलिंग आणि आयर्लंडचे जुने पाउंड ह्यांनाही मुदत नाही. फ्रेंच फ्रँकची नाणी मात्र फेब्रुवारी २००५ नंतर कुणी घेत नाही. स्पेनचे पेसेटा ३० जून २०२१ पर्यंत घेत होते, आता नाही. क्रोएशियाने २०२३ मध्ये युरो घेतला, त्यांच्या कुनाच्या नाण्यांची मुदत २०२५ अखेरपर्यंतच होती, नोटांना मात्र मुदत नाही.

मग फ्रँक टाकून द्यायचे का? थांबा, आधी सालं बघा. कुठल्या धातूचं आहे ते सालावरून कळतं. अमेरिकन डाइम (१० सेंट) आणि क्वार्टर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे होते, त्यानंतरच्या नेहमीच्या चलनातल्यांत चांदी नाही. नाणं आडवं धरून कड बघा, तांबूस रेघ दिसली की नवं, सगळी कड पांढरी असली तर साल तपासा. स्विस अर्धा, १ आणि २ फ्रँक १९६७ पर्यंतचे चांदीचे. जपानचं १०० येन १९६६ पर्यंतचं. असं एखादं नाणं सासऱ्यांच्या काळातलं निघालं तर ते दर्शनी किमतीला मुळीच देऊ नका, नुसत्या चांदीचेच कितीतरी जास्त होतात.

आणि हात जोडून सांगतो, नाणी घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीही नको. लोक चकाचक करून आणतात आणि मग विचारतात किंमत का कमी सांगता. गोळा करणाऱ्याला वर चढलेला रंगच हवा असतो, घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच कळतं, सगळीकडे बारीक ओरखडे.

रिकामटेकडा_राजा

आला नाणेवेडा, आता प्रत्येकाला वाटणार आपल्या डब्यात खजिना आहे. ऑनलाइन बघतो मी, कुठलंही २ युरो लाखांत लावून बसलेत लोक.

नाणेवेडा

@रिकामटेकडा_राजा ह्यावेळी बरोबर बोललास. कुणीतरी लावलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकलं गेलेली किंमत ह्यात जमीन-अस्मान असतं. लिलावाच्या साइटवर 'विकले गेलेले' असा फिल्टर असतो तो लावून बघायचं, बाकी सगळी हवा.

खरंच महाग असणारी अगदी थोडी. मोनॅकोने २००७ मध्ये त्यांच्या राणीसाहेब ग्रेस केलीचं २ युरोचं नाणं काढलं ते फक्त २०,००१ पाडले, त्याला हजारात युरो मिळतात, पण ते डब्यातून निघणार नाही, ते पहिल्या दिवसापासून डबीत बंद आहेत. त्यापेक्षा ब्रिटनचं ५० पेन्स बघा, २००९ सालचं, लंडनच्या क्यू गार्डन ह्या बागेतला पॅगोडा असलेलं. ते २ लाख १० हजारच पाडले आणि लोकांच्या हातात फिरत होते, सुट्या पैशांत मिळायची शक्यता थोडी का होईना आहे. तसंच २००८ च्या सुमाराचं २० पेन्स ज्याच्यावर सालच नाही, टाकसाळीत दोन वेगळ्या छापांची जोडी लागली आणि साल दोन्ही बाजूंना राहिलंच नाही. बाकी २ युरोवर वेगळं चित्र दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, स्मारक नाणी दरवर्षी ढिगाने निघतात.

सुटकेसवाली

झाले ढीग लावून. दुपार गेली सगळी, आणि हाताला तो तांब्याचा वास, साबणाने जात नाही.

तर, मार्क निघाले, अपेक्षेपेक्षा बरेच, ५ मार्कवाली पण आहेत. फ्रेंच फ्रँक आहेत पण सगळे ऐंशी-नव्वदच्या दशकातले, म्हणजे चांदी वगैरे नाही. क्वार्टरमध्ये १९६४ च्या आधीचं एकही नाही, सगळ्यांच्या कडेला रेघ (नवऱ्याने प्रत्येक आडवं धरून बघितलं, दोनदा). ५०० येनची बरीच आहेत. आणि ह्या ढिगाऱ्यात एक गंमत, मी २ युरो म्हणून बाजूला काढलेल्यांत काही थाई निघाली! नीट बघितल्यावर राजाचं चित्र दिसलं तेव्हा कळलं.

आता दोन प्रश्न. एक, पाउंडची काही नाणी पूर्ण गोल आहेत आणि काही कोनवाली, आणि सगळ्यांवर राणी, ती अजून चालतात का? दोन, पोस्टाने नाणी मागवून पैसे देणाऱ्या कंपन्या दिसतात ऑनलाइन, त्या भरवशाच्या असतात का?

गेट_नंबर_बदलला

राणीचं टेन्शन नको, राणीवाली नाणी चालतात, राजाची नवीन आली म्हणून जुनी बाद झालेली नाहीत. १२ कोनांचं १ पाउंड मार्च २०१७ मध्ये आलं आणि जुनं गोल १ पाउंड १५ ऑक्टोबर २०१७ नंतर दुकानात चालायचं बंद झालं. पण गोलवालं तिकडच्या बँकेत खात्यावर भरता येतं अजून, त्यामुळे तिकडे खातं असलेलं कुणी नात्यात असेल तर त्यांच्याकडे द्या. गोल पाउंड म्हणजे फक्त १ पाउंडवालं हां, २ पाउंडचं गोल असतं आणि ते मस्त चालतं, ते त्या ढिगात टाकू नका.

काउंटरपलीकडचा

@सुटकेसवाली ते थाई १० बाट आणि २ युरो, आमच्या काउंटरची पण डोकेदुखी होती ती. मधे पिवळं बाहेर पांढरं, वजन दोन्हीचं साडेआठ ग्रॅम, व्यासात पाव मिलिमीटरचा फरक. आणि किंमत बघाल तर २ युरोच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणूनही नाणी नको वाटतात, नोटा मशीन ओळखतं, मिसळलेली नाणी डोळ्यांनी बघावी लागतात. ५०० येनमध्येही नीट बघा, दक्षिण कोरियाचं ५०० वॉन मिसळलेलं नाही ना. जुन्या ५०० येनसारखंच दिसायचं ते, आकार तोच, धातू तोच, फक्त थोडं जड, आणि किंमत साधारण दहावा हिस्सा. नव्वदच्या दशकात लोक वॉनला भोकं पाडून वजन उतरवायचे आणि जपानमधल्या मशीनमध्ये टाकायचे, शेवटी जपानने २००० साली ५०० येनचा धातूच बदलला, आणि २०२१ मध्ये परत दोन रंगांचं नवीन काढलं. जुनी दोन्ही चालतात अजून, पण मशीन कधी कधी थुंकून टाकतं, माणसाच्या हातात द्या.

पोस्टवाल्या कंपन्यांचं: काही खरंच व्यवस्थित आहेत, लंडनची लेफ्टओव्हर करन्सी नावाची आहे ती फ्रँक, पेसेटा असल्या बाद झालेल्या चलनाचा पण रेट लावते. त्यांचं कसं चालतं तर, चालू नाण्यांना किमतीच्या काही टक्के, आणि बाद नाण्यांना किलोवर. हजारो लोकांचा माल एकत्र करतात म्हणून त्यांना परवडतं, तुम्हा-आम्हाला एकट्याला नाही परवडत. पण पाठवायच्या आधी ह्या गोष्टी लेखी विचारा: रेट माल पोचल्याच्या दिवशीचा की तुम्ही फॉर्म भरल्याच्या दिवशीचा, त्यांनी मोजलेलं तुम्हाला पटलं नाही तर नाणी परत कोणाच्या खर्चाने येणार, आणि पैसे खात्यात आले तर मधल्या बँकेचं कापलेलं कोण सोसणार. ह्या तिसऱ्यात बरेच जण फसतात, छोट्या रकमेवर बँकेचं चार्जच जास्त होतं.

शिवाय वजन तोलून कुरिअरचा खर्च आधी काढा. साध्या पाकिटात घालून पोस्टात टाकू नका, परदेशी टपालात साध्या पत्रातून नाणी पाठवायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, हरवलं तर कुणी विचारणार नाही. बऱ्याच कुरिअर कंपन्यांचे पण चलन न्यायचे नियम असतात, ते वाचा. माझा अंदाज विचाराल तर तुमच्या डब्यासाठी परदेशात पार्सल करणं अजिबात फायद्याचं नाही, मार्क सोडून, आणि मार्कसुद्धा कुणी जर्मनीला चाललं असेल तर त्याच्याच हातून.

निवांत_निशा

बाकी उरलेल्यांसाठी एक सांगू का, युनिसेफचं 'चेंज फॉर गुड' आहे, १९८७ पासून चालू आहे. काही एअरलाइन विमानात पाकीट देतात, त्यात कुठल्याही देशाची चिल्लर टाकायची. कॅथे पॅसिफिक, क्वांटास, जपान एअरलाइन्स ह्यांच्यात बघितलंय. काही एअरपोर्टवर निघायच्या हॉलमध्ये पारदर्शक पेट्या पण असतात. १ सेंट, ५ येन असल्यांचं आपल्या हातून काहीच होणार नाही, तिथे निदान कामाला तरी लागतात.

रिकामटेकडा_राजा

आणि ती एक सेंटची नाणी मोजायला त्यांचेच पैसे जात असतील.

काउंटरपलीकडचा

@रिकामटेकडा_राजा एकेका पाकिटाचं बघितलं तर हो. पण टनावारी जमलं की मशीनवर देशानुसार वेगळं होतं आणि त्या त्या देशात परत जातं, मग हिशोब जमतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते चिल्लरीच्या बाबतीत खरंच आहे, अमेरिकेत एअरपोर्टच्या सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये लोक जी चिल्लर विसरून जातात ती एका वर्षात, २०१९ च्या आर्थिक वर्षात, ९ लाख २६ हजार डॉलर भरली. नुसती विसरलेली!

सुटकेसवाली

बापरे.

ठरलं मग. युरो आणि मार्क नणंदेच्या मुलीकडे, ती पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टला निघालीय आणि तिने युरोचे पैसे आधीच ट्रान्सफर पण केले, आजच्या रेटने, वर म्हणते मामी अजून आहेत का. मार्कचं तिकडे बदलून आल्यावर बघू, त्यातलं कॉफीचं तिचं. येन आणि पाउंड ठेवते, कुणीतरी जातंच. फ्रेंच फ्रँक एका ओळखीच्या नाणी गोळा करणाऱ्याला दाखवते. सेंट सगळे पाकिटात.

@नाणेवेडा ५ मार्कमध्ये वेगळं काही बघायचं असतं का, की डोळे मिटून देऊ तिच्याकडे?

नाणेवेडा

डोळे मिटून नको! ५ मार्क १९७४ पर्यंतचे चांदीचे होते, गरुडवाले. १९७५ पासून साधा धातू. साल १९७४ किंवा आधीचं असेल तर बँकेत देऊ नका, चांदीचे जास्त होतील. १९७५ आणि नंतरचे नेहमीचे खुशाल द्या.

खिडकीची_सीट

धागा वाचून मी पण माझी पिशवी काढली. स्वीडनची १, ५ आणि १० क्रोनरची जुनी नाणी आहेत, त्यांचं काही?

गेट_नंबर_बदलला

१ आणि ५ ची जुनी ३० जून २०१७ नंतर बाद झाली. १० क्रोनरचं मात्र चालू आहे, तेवढी काढून ठेवा. आणि तिकडे आता रोख पैसे न घेणारी दुकानं खूप आहेत, आत शिरायच्या आधी दारावरची पाटी बघा.